दोन मालिका एक केल्यात, आता निर्णयांची कारणंही सांगा : अमेरिकेत स्पोर्ट्सकार शर्यती भरवणाऱ्या ‘इम्सा’च्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

ब्रेझल्टनजवळ, जॉर्जिया
२३ मार्च २०१४

प्रति,
श्री. जिम फ्रान्स, श्री. एड बेनेट, श्री. स्कॉट ॲथर्टन
इम्सा, डेटोना बीच, फ्लोरिडा

महोदय, स.न.वि.वि.

सीब्रिंगची बारा तासांची मोटार शर्यत, तुमच्या नव्या एकत्र मालिकेतली दुसरी, होऊन आठ दिवस झाले. मी तिथे होतो. सतराव्या वळणाला, ज्याला तुमच्याकडे सनसेट बेंड म्हणतात, सकाळपासून रात्रीपर्यंत उभा होतो. परतल्यावर काही दिवस गप्प बसून पाहिलं. जमलं नाही, म्हणून हे पत्र.

याची इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर टपालाने पाठवली आहे. मराठीत जाहीरपणे लिहितोय, त्याला कारण आहे. अटलांटाच्या आसपासची आम्ही काही मराठी कुटुंबं दर ऑक्टोबरात डबे बांधून ‘पेटिट ले मान्स’ ही शर्यत बघायला रोड अटलांटाच्या ट्रॅकवर येतो. आमची पोरं तिथल्या टेकडीवर लहानाची मोठी झाली. गेल्या दोन महिन्यांत यांतले अर्धेअधिक लोक मला विचारतायत, ‘हे नक्की चाललंय काय?’ त्यांना काय सांगावं, ते मला कळत नाही. तुम्हाला ते ठाऊक असलं पाहिजे, म्हणून प्रश्न तुमच्याकडे आणि सगळ्यांसमोर.

ज्यांना ही शर्यत नवी आहे त्यांच्यासाठी थोडी मागची गोष्ट सांगतो. तुम्हीही ती पुन्हा ऐकावी, कारण आजच्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे. जॉन आणि पेगी बिशप या दांपत्याने १९६९ साली इम्सा काढली तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे होते बिल फ्रान्स, म्हणजे श्री. जिम फ्रान्स, तुमचे वडील. त्या इम्साने पुढे स्पोर्ट्सकार शर्यतींना अमेरिकेत घराघरात नेलं. ऐंशीच्या दशकातल्या जीटीपी या सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्यांबद्दल इथली जुनी माणसं अजून डोळे मिटून बोलतात. नंतर संस्था विकली गेली, पुन्हा विकली गेली, मालक बदलले, नियम बदलले, शेवटी माणसं फुटली. १९९८ पासून डेटोनाची २४ तासांची शर्यत एका गटाकडे गेली आणि सीब्रिंगची बारा तासांची दुसऱ्या. फ्लोरिडातल्या, एका दिवसात गाडीने जाऊन येण्याइतक्या जवळ असलेल्या या दोन शर्यतींनी एकमेकींकडे पाठ फिरवली. डॉन पॅनोझ यांनी १९९९ मध्ये अमेरिकन ले मान्स सीरिज सुरू केली, फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीच्या नियमांनी चालणारी. इकडे डेटोनात ग्रँड-ॲमने २००० पासून आपला वेगळा मोसम मांडला, आणि २००३ पासून डेटोना प्रोटोटाइप (डीपी) ही स्वस्तातली, पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची, फक्त शर्यतीसाठी बांधलेली गाडी आणली.

चौदा-पंधरा वर्षं हे असं चाललं. एकाच देशात, एकाच खेळाच्या दोन मालिका. संघ वाटले गेले, प्रायोजक वाटले गेले, प्रेक्षकही वाटला गेला. मी दुसऱ्या बाजूचा, ले मान्सवाल्यांचा. हे आधीच सांगतो, म्हणजे माझं पुढचं बोलणं कुठून येतंय ते तुम्हाला कळेल.

मी मूळचा मिरजेचा. २००१ साली नोकरीनिमित्त जॉर्जियात आलो आणि दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याच्या आग्रहाने पहिल्यांदा रोड अटलांटाला गेलो. पण मी या खेळाचा झालो तो २००८ साली. त्या वर्षी आमचे अण्णा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. अण्णांनी मिरज आगारात बत्तीस वर्षं एसटीचे मेकॅनिक म्हणून काढली. काळा धूर दिसला की नोझल, निळा दिसला की ऑइल जळतंय, हे ते रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही गाडीकडे बघून सांगायचे, अजूनही सांगतात. ४ ऑक्टोबरला त्यांना घेऊन पेटिट ले मान्सला गेलो. शर्यतीच्या आधी तुम्ही लोकांना थेट ट्रॅकवर, गाड्यांच्या शेजारी जाऊ देता. अण्णा ऑडी आर-१० समोर उभे राहिले. मी म्हटलं, डिझेल आहे, साडेपाच लिटर, बारा सिलिंडर. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

दुसरी ऑडी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, नव्हतीच. तिचा चालक ॲलन मॅकनिशने ती ग्रिडकडे आणतानाच ठोकली होती. शर्यत सुरू झाली तरी तिची दुरुस्ती चालू होती. अण्णांना मग ट्रॅककडे बघायचंच नव्हतं. पिटच्या, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या जागेच्या, मागच्या जाळीला नाक लावून ते मेकॅनिकांचे हात बघत बसले. ‘ह्यो पोरगा घाई करत नाही, बघ,’ एवढंच एकदा म्हणाले. गाडी दुरुस्त होऊन मागून निघाली. पहिल्यांदा समोरून गेली तेव्हा आवाज जवळजवळ नाहीच, नुसती हवा कापल्यासारखी सळसळ. अण्णांनी माझा दंड धरला. ‘आरं, डिझेल म्हणतोस आणि धूर कुठाय?’

रात्री तीच गाडी प्यूजोला काही सेकंदांनी हरवून पहिली आली. मॅकनिश, पिरो, कापेल्लो. अण्णांनी ती नावं मिरजेला जाऊन आगारातल्या जुन्या मित्रांना सांगितली. आजही फोनवर शर्यतीचा विषय निघाला की ते विचारतात, ‘ती बिनधुराची आहे का अजून?’

तर माझं देणंघेणं हे असं आहे. पैसा नाही, धंदा नाही. जगातले सर्वांत हुशार इंजिनिअर आपलं नवं काम घेऊन माझ्या घरापासून अर्ध्या तासावर यायचे, आणि एसटीचा एक निवृत्त मेकॅनिक ते हातभर अंतरावरून बघू शकायचा.

५ सप्टेंबर २०१२ ला डेटोनात तुम्ही आणि पॅनोझ एका व्यासपीठावर आलात. ग्रँड-ॲमची मालक असलेल्या नॅस्कारच्या बाजूने अमेरिकन ले मान्स सीरिज, इम्सा, रोड अटलांटा आणि सीब्रिंगचा कारभार असं सगळं घेतलं गेलं आणि २०१४ पासून एकच मालिका होणार असं जाहीर झालं. आमच्या बाजूचे पुष्कळ लोक त्या दिवशी चिडले. मी चिडलो नाही. शेवटच्या दोन मोसमांत आमच्या पी-१ या सर्वांत वेगवान वर्गात पूर्ण मोसम धावणाऱ्या गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्या लागत होत्या. ऑडीने पूर्ण मोसम धावणं २००८ नंतरच थांबवलं होतं, ती एखाददुसऱ्या शर्यतीपुरती यायची. खर्च वाढत होता, बघणारे वाढत नव्हते. इंडीकार या दुसऱ्या अमेरिकन शर्यतीवाल्यांचं उदाहरणही डोळ्यांसमोर होतं. १९९६ ला ते फुटले, २००८ ला एक झाले आणि मधल्या बारा वर्षांत दोघांनीही आपला प्रेक्षक गमावला. तेव्हा एक होणं भागच होतं.

ग्रँड-ॲमवाल्यांचंही मोठेपण मला कळतं. २००९ च्या डेटोनात चोवीस तासांनंतर डेव्हिड डोनाह्यू आणि हुआन मोंटोया यांच्यात अंतर राहिलं होतं ०.१६७ सेकंदाचं. डेव्हिडच्या वडिलांनी, मार्क डोनाह्यूंनी, बरोबर चाळीस वर्षांपूर्वी तीच शर्यत जिंकली होती. ज्या गाड्यांना आम्ही बेढब म्हणून हसायचो, त्यांनी ही झुंज दिली. लहान संघांना परवडेल अशा खर्चात दिली. ते हसणं आमची चूक होती.

म्हणून मी विलीनीकरणाच्या विरोधात लिहीत नाही. ते ज्या पद्धतीने चाललंय त्याबद्दल लिहितोय. पहिल्या दोन शर्यतींत जे घडलं त्यातल्या प्रत्येक गोष्टीत मला एकच दोष दिसतो. निर्णय होतात, पण का झाले ते कुणी सांगत नाही.

पहिली तक्रार डीपी आणि पी-२ यांच्या जोडीबद्दल.

तुम्ही दोन्ही मालिकांच्या गाड्या एकाच प्रोटोटाइप वर्गात घातल्यात. डीपी म्हणजे मोठं, जोरकस इंजिन, वळणातून बाहेर पडताना जबरदस्त ओढ. पी-२ म्हणजे आमच्या बाजूची, कार्बन फायबरच्या एकसंध सांगाड्याची हलकी गाडी, इंजिन लहान, पण वळणातच वेग राखणारी. दोघींचा स्वभाव वेगळा. डीपीला बरोबरीला आणण्यासाठी तुम्ही कार्बन ब्रेक दिलेत, गाडीला रस्त्याला दाबून धरणारा नवा डिफ्यूजर दिलात. ठीक आहे. काहीतरी करणं भागच होतं.

पण रिकाम्या ट्रॅकवर एकट्याने मारलेल्या फेरीची वेळ सारखी आली म्हणून शर्यत बरोबरीची होत नाही. डेटोनाला ६७ गाड्या होत्या. इतक्या गर्दीत जीटी, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या हळू गाड्यांना मागे टाकत जायचं, तर सरळ रस्त्यावरची ओढ लागते. ती डीपीकडे आहे. पी-२ चा सगळा जीव वळणात, आणि वळणात तिच्यापुढे हळू गाडी आली की तो वेग वाया जातो. हे मी सतराव्या वळणावर बारा तास बघितलं. ज्यांच्याकडे प्रत्येक गाडीची सेकंदासेकंदाची नोंद आहे त्यांना ते दिसलं नसेल असं मी मानत नाही.

आमच्या सांगली-मिरजेकडे कुस्तीचं वेड आहे. मैदानात जोड लावताना दोन्ही मल्लांना सगळ्या फडासमोर शेजारी उभं करतात. वजन, वय, मागच्या कुस्त्या, सगळं लोकांच्या देखत बघितलं जातं. जोड चुकीची वाटली तर कट्ट्यावर बसलेला म्हातारासुद्धा उठून ओरडतो आणि वस्तादाला त्याला उत्तर द्यावं लागतं. तुमची जोड बंद दाराआड लागते. एवढं वजन वाढवा, इंजिनात जाणारी हवा रोखणारा रिस्ट्रिक्टर एवढा ठेवा, असा कागद निघतो. त्यामागचा हिशेब निघत नाही.

यात नुकसान फक्त हरणाऱ्याचं होत नाही. सीब्रिंग जिंकली ती चिप गनासींच्या संघाच्या डीपीने. फोर्डचं नवं साडेतीन लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन, या मालिकेतली दुसरीच शर्यत, आणि बारा तास त्या काँक्रीटवर टिकून पहिलं! सीब्रिंगचा ट्रॅक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बफेकी विमानांचा तळ. काँक्रीटच्या लाद्यांच्या सांध्यांवर गाडी अशी आदळते की बघणाऱ्याचे दात खिळखिळे व्हावेत. तिथे नवं इंजिन जिंकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! अण्णांना हे मी फोनवर सांगितलं तर ते खूश झाले. पण माझ्या आजूबाजूचे लोक काय म्हणत होते? ‘जुळवून दिलं.’ मला ते खरं वाटत नाही. पण खोटं आहे असं त्यांना पटवून द्यायला माझ्या हातात काही नाही, कारण तुम्ही दिलेलं नाही. त्या मेकॅनिकांच्या बारा तासांच्या घामावर हा डाग कशाला?

आणि जे हरले त्यांच्याकडेही बघा. पिकेट यांचा संघ २०१२ आणि २०१३ असा सलग दोनदा पी-१ चा विजेता. नव्या मालिकेसाठी त्यांनी पी-२ गाडी आणली, डेटोनाला धावले, आणि सीब्रिंगला त्यांची जागा रिकामी होती. डायसन हे ऐंशीच्या दशकापासूनचं नाव, २०११ चा किताब त्यांचा. त्यांच्या पी-१ गाडीला तुमच्या नव्या घरात खोलीच उरली नाही. दोन जुनी बिऱ्हाडं अशी उठली आणि त्याबद्दल तुमच्याकडून एक सविस्तर निवेदन आलं नाही.

दुसरी तक्रार पंचांच्या निकालांबद्दल.

डेटोनाला जीटीडी या जीटी गाड्यांच्या एका वर्गात चोवीस तासांनंतर शेवटच्या फेरीत एक फेरारी आणि एक ऑडी झुंजत होत्या. ऑडी ट्रॅकबाहेर गेली. फेरारीवर शिक्षा लागली, ऑडीला विजेता ठरवलं. मग काही तासांनी शिक्षा मागे घेतली गेली आणि विजय पुन्हा फेरारीला. शिक्षा मागे घेणं योग्यच होतं, मी ती फेरी दहा वेळा बघितली आहे. पण आधी कशावरून लागली? नंतर कशावरून उठली?

सीब्रिंगला त्याहून वाईट झालं. एका पोर्शेने मारलेल्या धडकेची शिक्षा दुसऱ्याच संघाच्या, दुसऱ्याच वर्गातल्या पोर्शेला झाली. त्या संघाने शिक्षा भोगली आणि मागे पडला. चूक झाल्याचं तुम्ही कबूल केलंत, याबद्दल तुमचे आभार. सगळेच करत नाहीत. पण त्या संघाचा गेलेला वेळ परत आला नाही. वर्षभर पैसे जमवून आलेल्या, घरचीच माणसं घेऊन आलेल्या अशा लहान संघाला सीब्रिंग वर्षातून एकदाच मिळते. सलग दोन शर्यतींत निकाल देणाऱ्या खोलीतून अशा चुका होतात, तर त्या खोलीत माणसं पुरेशी आहेत का, त्यांना कॅमेऱ्याची चित्रं वेळेवर मिळतात का, शिक्षा देण्याआधी गाडीचा क्रमांक दुसरा कुणी तपासतो का, हे विचारण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्याला आहे.

तिसरी, पिवळ्या झेंड्यांची.

सीब्रिंगला शर्यतीचा फार मोठा भाग पिवळ्या झेंड्याखाली, गाड्यांना हळू चालायला लावणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे गेला. ट्रॅकवर माणूस किंवा मोडकी गाडी असेल तर पिवळा झेंडा हवाच, त्याबद्दल वाद नाही. वाद त्यानंतरच्या सोपस्कारांचा आहे. आधी पिट बंद. मग उघडणार, पण प्रोटोटाइपसाठी. मग जीटीसाठी. मग मागे राहिलेल्यांना पुढे घालून रांग पुन्हा लावायची. मोडकी गाडी कधीच उचललेली असते, रस्ता झाडून झालेला असतो, आणि तरी गाड्या एकामागे एक दिवे लावून वरातीसारख्या चाललेल्या. अंधार पडल्यावर माझ्या शेजारचा एक गृहस्थ नातवाला घेऊन उठून गेला. तो पोरगा सकाळी सातपासून कुंपणाला चिकटून होता.

उपाय जगात आहेत. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर जिथे अपघात तिथेच झेंडे, बाकीचा ट्रॅक चालू. दुबईच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जांभळा झेंडा दाखवतात, सगळ्यांनी जिथे आहेत तिथून ताशी ६० किलोमीटर, अंतरं जशीच्या तशी. कुणाचं कमावलेलं जात नाही, कुणाला फुकटचं मिळत नाही. तुमच्याकडे हे चालणार नाही असं असेलही. का नाही, ते सांगा.

चौथी गोष्ट लिहिताना हात जड होतो.

डेटोनाला तिसऱ्या तासात मावळतीचा सूर्य थेट चालकांच्या डोळ्यांवर होता. ताकद गेलेली एक फेरारी ट्रॅकवरून रखडत चालली होती. मेमो गिडलीला ती दिसलीच नाही. तो पूर्ण वेगात तिच्यावर आदळला. आम्ही घरी दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो, माझ्या मुलीने तोंडावर हात ठेवला. गिडलीची हाडं अनेक ठिकाणी मोडली, फेरारीचा चालक मातेओ मालुचेल्लीही जखमी झाला. दोघे जगले, ही देवाची कृपा आणि मदतीला धावलेल्या माणसांचं कसब.

दोष मी कुणाला देत नाही. पण जानेवारीत त्या वेळी सूर्य कुठे असतो, हे १९६६ पासून तिथे चोवीस तास शर्यत भरवणाऱ्यांना माहीत आहे. रखडणाऱ्या गाडीची सूचना मागून येणाऱ्याला वेळेत कशी मिळावी? त्या भागात दिव्यांचे फलक हवे होते का? रखडणाऱ्या गाडीने ट्रॅक सोडायचा नियम पुरेसा कडक आहे का? शोध घेतला असेल, तर तो लोकांसमोर ठेवा. चालकांच्या घरच्यांना तो वाचायला मिळाला पाहिजे.

पाचवी, आणि माझ्यापुरती सर्वांत मोठी.

१९ ऑक्टोबर २०१३ ला रोड अटलांटावर अमेरिकन ले मान्स सीरिजची शेवटची शर्यत झाली. रिबेलियन संघाची लोला-टोयोटा जिंकली, पी-१ वर्गातली. त्यानंतर या मालिकेत पी-१ ला दार बंद. सीब्रिंग अकरा वेळा जिंकलेल्या ऑडीने २०१३ ला तिथे हायब्रिड आर-१८ आणली, जिंकली आणि निरोप घेतला. या वर्षी पोर्शे इतक्या वर्षांनी ले मान्सच्या वरच्या वर्गात परत येतेय, हायब्रिड गाडी घेऊन. टोयोटाही नवी गाडी आणतेय. ब्रेकमध्ये वाया जाणारी शक्ती साठवून पुन्हा चाकांना देणाऱ्या या गाड्या उद्या आपल्या सगळ्यांच्या दारात कुठल्या ना कुठल्या रूपात उभ्या राहणार आहेत. त्या बघायला आता आम्हाला सप्टेंबरात टेक्सासला, ऑस्टिनला जावं लागेल, जागतिक मालिकेच्या एकाच फेरीसाठी. सीब्रिंगला नाही, ब्रेझल्टनला तर नाहीच.

खर्चाचं कारण मला मान्य आहे. या गाड्या पूर्ण मोसम इथे धावणार नाहीत, त्यांच्यासाठी लहान संघांचा बळी देऊ नका. पण पाहुण्या म्हणून दोन शर्यतींना त्यांना का बोलवू नये? वेगळा वर्ग, वेगळे गुण किंवा गुण नकोतच. पेटिट ले मान्स या नावातच ले मान्स आहे. ते नाव ठेवून त्यातला आत्मा बाहेर ठेवलात, तर पाच वर्षांनी इथे येणाऱ्या पोराला ते नाव का पडलं हेही कळणार नाही.

जीटीएलएम, म्हणजे जीटी गाड्यांच्या वरच्या वर्गाला तुम्ही फारसा हात लावला नाहीत, हे चांगलं केलंत. कॉर्व्हेट, पोर्शे, फेरारी, बीएमडब्ल्यू, व्हायपर, सगळ्या जिवावर उदार होऊन धावतायत. ग्रिडवर लोकांना सोडण्याची पद्धतही राखलीत. त्याबद्दल आमच्या सगळ्या कुटुंबांतर्फे आभार. हे दोन निर्णय बघूनच मला वाटतं की सांगितलेलं तुम्ही ऐकाल.

मागण्या अशा :

गाड्यांच्या बरोबरीसाठी केलेला प्रत्येक बदल शर्यतीआधी जाहीर करा, आणि त्याबरोबर तो कुठल्या आकड्यांवरून केला ते दोन पानांत लिहा. संघांची गुपितं उघड न करताही हे करता येतं.

निकालावर परिणाम करणारी प्रत्येक शिक्षा कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या पुराव्यावर दिली, ते त्याच दिवशी लेखी प्रसिद्ध करा. शिक्षा लागू करण्यापूर्वी गाडीची ओळख दोन माणसांनी स्वतंत्रपणे पटवावी. चुकीची शिक्षा भोगलेल्या संघाला पुढच्या शर्यतीची प्रवेश फी तरी माफ करा.

सेफ्टी कारची पद्धत या मोसमातच आखडती घ्या. एका शर्यतीत तरी ट्रॅकच्या ठरावीक भागापुरता वेग कमी करण्याचा प्रयोग करा.

डेटोनाच्या अपघाताचा अहवाल बाहेरच्या जाणकारांकडून तपासून प्रसिद्ध करा, पुढच्या जानेवारीच्या पुरेसा आधी.

सीब्रिंग आणि पेटिट ले मान्सला पी-१ गाड्यांना पाहुणे म्हणून प्रवेश द्या. आणि पुढच्या पिढीच्या प्रोटोटाइपचे नियम ठरवताना ले मान्सवाल्यांशी एका टेबलावर बसा, म्हणजे एकच गाडी दोन्हीकडे धावू शकेल. पंधरा वर्षांपूर्वीची फूट पुन्हा समुद्राच्या दोन तीरांवर पडू देऊ नका.

शेवटची मागणी छोटी आहे. दोन्ही जुन्या मालिकांचे निकाल, छायाचित्रं, फेरीन् फेरीच्या नोंदी एका ठिकाणी नीट जपा, सगळ्यांना पाहता येतील अशा. विकत घेताना हेही तुमच्याकडे आलं आहे.

लाँग बीचची शर्यत १२ एप्रिलला आहे. पहिल्या दोन मागण्यांचं उत्तर त्याआधी देता येण्यासारखं आहे, त्याला पैसा लागत नाही. बाकीच्यांना वेळ लागेल, घ्या. पेटिट ले मान्स यंदा ४ ऑक्टोबरला आहे, अण्णा सहा वर्षांपूर्वी आले होते ती तारीख. ते पुन्हा येतायत. व्हिसा झाला आहे, त्यांनी चष्म्याचा नंबरही बदलून घेतलाय. सकाळी ग्रिडवर लोकांना सोडाल तेव्हा आम्ही तिथे असू. तुमच्यापैकी कुणी भेटलं तर अण्णांना काही विचारायचं आहे, इंजिनांबद्दल. मला निर्णयांबद्दल.

आपला,
रोड अटलांटाच्या टेकडीवरचा एक प्रेक्षक